मीटर बदलतोय, पण निवड कुणाची?

मुलुंड-भांडुपकर मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा.

"स्मार्ट मीटर बसवू द्यायचा की नाही?" सध्या सगळीकडे एवढा एकच प्रश्न चाललाय. सोसायटीच्या ग्रुपवर दोन पार्ट्या झाल्यात. एक म्हणते, हा मीटर पळतो, हाकलून द्या. दुसरी म्हणते, जग कुठे चाललंय आणि तुम्ही अजून चकतीवाल्या मीटरला धरून बसलाय. दोन्हीकडचे फॉरवर्ड मी वाचलेत. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितेय. मीटर कसा मोजतो यावर आपण भांडतोय, पण त्या मोजणीतून जमा होणारी माहिती उद्या कुणाच्या कामाला येणार आहे, याकडे कुणाचं लक्ष नाही. आपल्या भागात तरी तोच खरा प्रश्न आहे. का, ते सांगते.

आधी आपला भूगोल. आपण मुंबई महापालिकेला कर भरतो, मत मुंबईत देतो, पण विजेच्या नकाशावर मुंबई आपल्या अलीकडेच संपते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. तिथून पुढे उपनगरांत अदानी आणि टाटा. आणि भांडुप-मुलुंड आलं की महावितरण. घाटकोपरला राहणारी तुमची मावशी किंवा चेंबूरचा मेहुणा वीज कंपनी बदलू शकतो. ऑनलाइन अर्ज करायचा, बस्स. खांब हलत नाही, वायर बदलत नाही, घरातला दिवासुद्धा मिचकावत नाही. आपल्याला ती सोय नाही. पाच-सहा स्टेशनांच्या अंतराने एकाला दोन दुकानं आणि दुसऱ्याला एकच रेशन दुकान, असा हा प्रकार आहे.

हे शक्य कसं होतं, ते आपल्याच बिलावर लिहिलेलं आहे. बिल काढून बघा. स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, आणि त्याच्याजवळच 'वहन आकार' नावाची ओळ असते. आपण ती वाचतच नाही, शेवटचा आकडा बघतो आणि कपाळाला हात लावतो. पण सगळी गंमत त्या ओळीत आहे. वहन आकार म्हणजे वीज तुमच्या घरापर्यंत आणून सोडायचं भाडं, तारांचं, रोहित्रांचं, केबलचं. वीज आकार म्हणजे प्रत्यक्ष विजेची किंमत. म्हणजे रस्ता वेगळा आणि रस्त्यावरून येणारा माल वेगळा, हे कागदावर केव्हाच मान्य झालंय. घाटकोपरच्या मावशीने टाटाची वीज घेतली आणि ती अदानीच्या तारांवरून आली, तर तारांचं भाडं तारवाल्याला आणि विजेचे पैसे वीजवाल्याला जातात.

२००३ च्या वीज कायद्यातच एका भागात एकापेक्षा जास्त वितरण परवानाधारक असू शकतील अशी तरतूद आहे. मुंबईत ती प्रत्यक्षात यायला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. टाटांकडे शहराला वीज पुरवायचा जुना परवाना होता. तो फक्त मोठ्या ग्राहकांपुरता आणि घाऊक विक्रीपुरता की घरगुती ग्राहकालाही, असा वाद रिलायन्सने लावून धरला होता. ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टाटा किरकोळ ग्राहकालाही वीज देऊ शकतात. मग १५ ऑक्टोबर २००९ ला महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची पद्धत घालून दिली. उपनगरांत लोकांनी अक्षरशः रांगा लावल्या, कारण तेव्हा टाटांचा दर चांगलाच कमी होता.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. रिलायन्सने आरडाओरडा केला की टाटा मलई तेवढी खातायत. महिन्याला भरपूर युनिट जाळणारे, वेळेवर बिल भरणारे ग्राहक तिकडे चाललेत आणि शंभर-दीडशे युनिटवाला चाळीतला, झोपडपट्टीतला ग्राहक आमच्याकडे उरतोय. त्यात कंपनीचा स्वार्थ होता, पण मुद्दा खोटा नव्हता. आपल्याकडे जास्त वापरणाऱ्याकडून थोडं जास्त घेऊन कमी वापरणाऱ्याला स्वस्त देतात, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. जास्त देणारे निघून गेले की हिशेब कोलमडतो. म्हणून आयोगाने आधी कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडीचा अधिभार लावला. मग २०१२ मध्ये ३०० युनिटच्या आतल्या ग्राहकांनाच टाटांकडे जाता येईल अशी मर्यादा घातली. पुढे रिलायन्सची जुनी राहिलेली वसुलीसुद्धा कंपनी बदललेल्यांच्या मागे लागली. काहींचा फायदा त्या अधिभारातच विरघळला. २०१८ मध्ये रिलायन्सचा हा सगळा व्यवसाय अदानींनी घेतला आणि चित्र पुन्हा बदललं. आज टाटांकडे मुंबईत सुमारे सात लाख ग्राहक आहेत, अदानींकडे सुमारे तीस लाख. पंधरा-सोळा वर्षं दुकान बदलायची मुभा असूनही बहुतेक जण जिथे होते तिथेच आहेत. काहींना बदलून फायदा नाही, काहींना अशी सोय आहे हेच ठाऊक नाही.

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. दोन दुकानं असली की ग्राहक दुकान निवडतो हे खरंच, पण दुकानदारही गिऱ्हाईक निवडतो. त्या काळात कुठल्या बिल्डिंगमध्ये जास्त वापराचे ग्राहक आहेत ते महिन्याच्या रीडिंगवरून अंदाजाने कळायचं. महिन्याला एक आकडा, एवढीच माहिती.

आता स्मार्ट मीटरकडे या.

स्मार्ट मीटर महिन्याला एक आकडा देत नाही. तो पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापर नोंदवतो आणि मोबाइल नेटवर्कवरून किंवा रेडिओ लहरींवरून सर्व्हरला पाठवतो. तुम्ही उठता कधी, गिझर कधी लावता, दुपारी घरी कुणी असतं का, गावाला किती दिवस जाता, एसी किती तास चालतो, सगळं त्या रेघेत दिसतं. एखाद्या वीज विकणाऱ्याला ही माहिती मिळाली तर कुठल्या विंगमधल्या कुठल्या फ्लॅटकडे आधी जायचं आणि कुणाकडे ढुंकूनही बघायचं नाही, याची यादी घरबसल्या तयार.

ही माहिती गोळा कोण करणार? महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये मीटरची कंत्राटं दिली. आपला भांडुप परिमंडळ, कल्याण आणि कोकण, शिवाय पुणे आणि बारामती, एवढा पट्टा अदानी समूहाकडे गेला. एक कोटी सोळा लाखांच्या आसपास मीटर, १३,८८८ कोटी रुपये. भागाकार करून बघा, मीटरमागे बारा हजारांच्या घरात जातो. त्यात मीटर बसवणं आलं आणि पुढची वर्षानुवर्षांची देखभाल, माहिती गोळा करणं, सर्व्हर चालवणंही आलं. आणि त्याच समूहाच्या कंपनीने २०२२ मध्ये मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, उरण या भागासाठी समांतर वितरण परवाना मागितला होता. म्हणजे आपल्याच भागात दुसरं दुकान टाकायची परवानगी.

नीट वाचा, मी कुणावर आरोप करत नाही. मीटरचं कंत्राट टेंडरने मिळालं, परवाना मागणं कायद्यात बसतं, आणि अर्ज उद्या टोरंटचा असेल, टाटांचा असेल किंवा आणखी कुणाचा. प्रश्न साधा आहे. ज्याच्या हातात आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या वापराची वही आहे, तोच उद्या त्या गल्लीत वीज विकायला आला तर मध्ये भिंत कुठली? कंत्राटात गोपनीयतेची कलमं असतील, ती असतातच. पण ग्राहक म्हणून मला ती दाखवली का कुणी? माझा अर्ध्या तासाचा हिशेब कोण बघू शकतो, किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कंपनीकडे जायचं झालं तर तो माझ्याबरोबर येणार की जुन्या कंपनीकडेच राहणार, हे मराठीत एका कागदावर छापून मीटर बसवणाऱ्याच्या हातात द्यायला किती खर्च येतो?

बरं, मग मीटर वाईटच का? तसं मी म्हणणार नाही. जून २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये रीडिंग घ्यायला कुणी फिरकलं नाही, एप्रिल-मेला सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये सगळा फरक एकदम अंगावर आला. मुंबईत अदानीवाले ओरडत होते, टाटावाले ओरडत होते, राज्यभर महावितरणवाले ओरडत होते. शेवटी आयोगाने भरमसाट बिलं तीन हप्त्यांत भरू द्यायला सांगितलं. स्मार्ट मीटर असता तर ही सरासरीची भानगडच झाली नसती. "घर बंद होतं म्हणून रीडिंग अंदाजे टाकलं" हा वर्षानुवर्षांचा छळही संपतो. शिवाय जुने चकतीचे मीटर वय झाल्यावर मंदावतात. नवीन मीटर टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची बारीक वीजही पकडतो. बिल वाढलं की मीटरच खोटा, असं धरून चालू नका. काही घरांत मीटर आत्ताच खरं बोलायला लागलेला असतो.

पण "मीटर पळतो" म्हणणाऱ्यांची टिंगल करणंही बंद करा. राज्यभर तक्रारी आहेत आणि त्या तपासायचा रस्ता नियमात आहे. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून बघायचे. हा नियम किती जणांना माहीत आहे? मीटर बसवण्यासाठी जेवढी यंत्रणा कामाला लावलीय, त्याच्या दहाव्या हिश्शाने हा नियम सांगायला लावली असती तर निम्मा विरोध मावळला असता. संशय लोकांच्या अडाणीपणातून आलेला नाही, तो लपवाछपवीतून आलाय.

लपवाछपवी म्हणजे काय, तर आधी हा मीटर 'स्मार्ट प्रीपेड' होता. केंद्राची योजना जुलै २०२१ ची, देशभरात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य. महाराष्ट्रात बोंबाबोंब झाली, ग्राहक संघटना रस्त्यावर आल्या, लोकसभेचे निकाल लागले, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. लोकांनी निःश्वास सोडला. विधानसभेची निवडणूक झाली. मग मीटर परत आले, यावेळी नाव 'टीओडी मीटर'. पोस्टपेड आहे, बिल महिन्याच्या शेवटीच येणार, हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण कंत्राटं तीच आहेत. आणि पोस्टपेडवरून प्रीपेडवर न्यायला भिंतीवरचा मीटर बदलावा लागत नाही, सर्व्हरवरून बदल केला की झालं. त्यामुळे "प्रीपेड होणार नाही" हे भाषणातलं वाक्य मला पुरत नाही. "ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही" हे आयोगाच्या आदेशात हवं.

प्रीपेड झाल्यावर काय होऊ शकतं, त्याचा ताजा धडा इंग्लंडने दिलाय. तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक घराला वीज कंपनी बदलता येते. दुकानं भरपूर, तुलना करून देणाऱ्या वेबसाइट भरपूर, स्मार्ट मीटरही घरोघर. ज्यांना सगळं खुलं केलं की आपोआप भलं होईल असं वाटतं, त्यांचं हे स्वप्नातलं गाव. झालं काय? पहिल्या पिढीचे बरेचसे स्मार्ट मीटर कंपनी बदलली की मुके व्हायचे. नव्या कंपनीला त्यांच्याशी बोलता येत नव्हतं, मग परत हाताने रीडिंग कळवा. नंतर २०२१-२२ मध्ये गॅस महागला आणि जवळपास तीस छोट्या-मोठ्या कंपन्या एकापाठोपाठ बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे वळवलं आणि त्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात वाटला गेला. ज्याने कधी कंपनी बदलली नाही, त्यानेही तो भरला. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात बिल थकलेल्या घरांचे स्मार्ट मीटर कंपन्यांनी लांबूनच प्रीपेडवर टाकले. दारात कुणी आलं नाही, कडाक्याच्या थंडीत बॅलन्स संपला की हीटर बंद. आरडाओरडा झाला तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या ऑफजेम या नियामकाला कंपन्यांना सांगावं लागलं की जबरदस्तीने प्रीपेड करणं थांबवा.

आपल्याकडे २००३ च्या कायद्याचं ५६ वं कलम सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी. आजवर हे कलम निदान थोडंफार टिकलं, कारण तोडायला माणूस यावा लागायचा. माणूस आला की बोलणं होतं. "दादा, सोमवारी पगार आहे", "आजी ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत". स्मार्ट मीटरच्या पोटात एक रिले असतो, ऑफिसमधून आदेश गेला की घर अंधारात. म्हणून त्या पंधरा दिवसांची किंमत आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. आणि जाता जाता, प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, हे त्याच कायद्याच्या ४७ व्या कलमात आहे. म्हणजे कुणी स्वखुशीने प्रीपेड घेतलाच, तर आजवर भरलेली ठेव व्याजासकट परत मागा. सोडू नका.

टीओडीच्या सवलतीबद्दल थोडक्यात. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैसे ते एक रुपया सवलत, असं महावितरण सांगतं. कल्पना चांगली आहे, दुपारी सौरवीज भरपूर असते. पण हिशेब मांडा. दोघं नोकरीवाले, महिन्याला २०० युनिट, त्यातले दिवसा जेमतेम ५०. ऐंशी पैशांनी सवलत झाली चाळीस रुपये. वडापाव आणि चहा. गिझर सहा-सातला लागतो, एसी रात्री. ज्या घरात निवृत्त आजी-आजोबा आहेत, शिलाई मशीन चालते, घरगुती उद्योग आहे, त्यांना थोडा फायदा होईल, आणि तो त्यांनी जरूर घ्यावा, वॉशिंग मशीन दुपारी लावावी. पण केंद्राच्या २०२३ च्या नियमातला दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. त्यात गर्दीच्या वेळेचा दर घरगुती ग्राहकालाही नेहमीपेक्षा किमान दहा टक्के जास्त ठेवायला सांगितलंय. आज दुपारची सवलत, उद्या संध्याकाळचा भुर्दंड. लोकलमधून लोंबकळत सातला घरी पोचणारा माणूस स्वयंपाक आणि पंखा दुपारी कसा हलवणार?

आता परत निवडीकडे. ग्रुपवर काही जण म्हणतात, महावितरणला कंटाळलोय, येऊ दे की दुसरी कंपनी. मला ते समजतं. पावसाळ्यात भांडुपला दिवे गेले की कस्टमर केअरला फोन लावत बसणाऱ्याला तत्त्वज्ञान सांगू नये. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा.

पहिली म्हणजे फ्रँचायझी आणि निवड यात गल्लत करू नका. भिवंडीत २००७ पासून टोरंट आहे, कळवा-मुंब्रा-शीळमध्ये १ मार्च २०२० पासून. तिथल्या लोकांना कुणी विचारलं नाही, आणि आजही त्यांना दुसरं दुकान नाही. मालकाचं नाव बदललं, एवढंच.

दुसरी गोष्ट अवघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी याच समांतर परवान्याविरुद्ध ७२ तासांच्या संपावर गेले होते. फडणवीसांशी बोलणी झाली आणि पहिल्याच दिवशी संप मागे घेतला. आपल्याकडे तेव्हा चर्चा काय होती? लाइट गेली, पाण्याचा पंप बंद, कर्मचारी माजलेत. पण त्यांचा मुद्दा तोच होता जो २०१० च्या आसपास रिलायन्स मांडत होती, फक्त शंभरपट मोठा. मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पुणे हे महावितरणचे पैसे देणारे भाग. ते निघून गेले तर मराठवाड्यातला कृषिपंप आणि मेळघाटातली वस्ती कुणाच्या जिवावर चालणार? सरकार म्हणेल, आम्ही तिजोरीतून देऊ. तिजोरी कुणाची, ते तुम्हाला माहितीये. तरीही माझं मत विचाराल तर निवड असावी. शेतकऱ्याला मदत करायची तर ती उघडपणे बजेटमधून करावी, एका उपनगराला एकाच दुकानाशी बांधून ठेवून नव्हे. मात्र नव्या दुकानदाराने सगळी गल्ली घ्यायची. टॉवरही घ्यायचा आणि त्याच्या मागची हनुमान पाडाही घ्यायची. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मागेल त्याला वीज देणं वितरण परवानाधारकावर बंधनकारकच आहे, ते कागदावर राहू नये.

२०२२ ला संसदेत वीज कायदा दुरुस्ती विधेयक आलं होतं, एकाच तारांवरून अनेक कंपन्यांना वीज विकू द्यायचं. ते स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेबरोबर बरखास्त झालं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने पुन्हा नवा मसुदा आणला, तारा वाटून घ्यायची कल्पना त्यातही आहे. म्हणजे आज ना उद्या हे मुलुंडच्या दारात येणारच. मीटर मात्र आधी येतोय. कंपन्यांना आपली वही आधी मिळतेय आणि आपल्याला निवडीचा हक्क नंतर कधीतरी. हा क्रम मला खटकतो. वही माझी असेल तर ती आधी मला मोबाइलवर पूर्ण दिसू दे, डाउनलोड करता येऊ दे, आणि कुणाला दाखवायची ते मी ठरवेन. मग घाटकोपरच्या मावशीसारखं मलाही माझ्या वापरावर कुठला दर स्वस्त पडतो ते पडताळता येईल. तेव्हा कुठे त्या बारा हजारांच्या डब्याचा मला उपयोग.

बारा हजारांवरून आठवलं. "मीटर मोफत आहे" असं सांगितलं जातं. बसवताना पैसे मागत नाहीत, खरंय. केंद्राचं अनुदान महाराष्ट्रासारख्या राज्याला मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले अकरा हजारांवर रुपये महावितरण कंत्राटदाराला हप्त्याने देणार. ते कुठून येणार? गळती आणि चोरी कमी होऊन वाचले तर उत्तम, मी टाळ्या वाजवेन. नाही वाचले तर पुढच्या दरवाढीच्या याचिकेत कुठल्यातरी परिशिष्टात सापडतील. आयोगाची सुनावणी जाहीर असते, हरकत कुणीही पाठवू शकतं, ईमेलनेही. प्रताप होगाडे यांच्यासारखे मोजके लोक वर्षानुवर्षं तिथे आकडे घेऊन उभे राहतात. आपल्या भागातून दहा-वीस हरकती गेल्या तरी फरक पडेल. पुढची सुनावणी लागली की मसुदा मी इथेच टाकेन, नाव-पत्ता घालून पाठवा.

तोवर एवढं करा. मीटर बदलायला माणसं आली तर ओळखपत्र बघा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग, मीटर क्रमांक दिसेल असा फोटो काढा, शक्यतो दोघांच्या साक्षीने. मीटर बदलल्याचा कागद मागून घ्या. नवा मीटर लागल्यावर घरातली सगळी बटणं बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकत असेल तर घरच्या वायरिंगमध्ये गळती आहे किंवा फ्रीज-इन्व्हर्टर चालू राहिलाय, आधी ते तपासा. पहिल्या दोन बिलांत युनिट मोठ्या प्रमाणात वाढले तर तोंडी भांडू नका. लेखी तक्रार करा, त्यात "ग्राहक हक्क नियम २०२०, २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पडताळणी मीटर बसवावा" एवढं एक वाक्य घाला आणि पोच घ्या. पाच दिवस त्या पोचेच्या तारखेपासून मोजायचे.

ज्यांच्याकडे मीटर बसून तीन महिने झालेत त्यांनी कमेंटमध्ये आधीचे आणि नंतरचे युनिट लिहा. रक्कम नको, युनिट. शक्य असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचेही. बिलाचा फोटो टाकलात तर ग्राहक क्रमांक झाकून टाका.